पहिल्या स्वराआधी

सकाळी सहा. बर्मिंगहॅममधल्या हॉटेलच्या खोलीत टेबल एकच, आणि त्यावर बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचा स्कोअर उघडा पडलेला. वादकाला त्याच्यापुरत्याच ओळी हातात मिळतात. कोण केव्हा वाजवतं आणि कोण नुसतं थांबून राहतं, हे सगळं एकाखाली एक मांडलेलं पान कंडक्टरलाच दिसतं. ती पेन्सिलीने खुणा करते आहे. ओठ हलतात, मधूनच डावा हात वर जातो. आवाज मात्र कसलाच नाही.

ही कुणा एका बाईंची डायरी नव्हे. परदेशातून आठवड्याभरासाठी आलेल्या पाहुण्या कंडक्टरचा कार्यक्रमाचा दिवस साधारण कसा जातो, ते सांगतो आहे. बर्मिंगहॅम मात्र मुद्दाम निवडलं. 2016 ते 2022 इथल्या सिटी ऑफ बर्मिंगहॅम सिंफनी ऑर्केस्ट्राची सूत्रं मिर्गा ग्राझिनीते-तीला यांच्याकडे होती. जन्म लिथुआनियात, विल्नियसचा. शिक्षण ऑस्ट्रियात, ग्रात्सला. 2015 मध्ये त्या इथे पाहुण्या म्हणून आल्या आणि काही महिन्यांतच, एकोणतिसाव्या वर्षी, नेमल्या गेल्या. नावातलं 'तीला' त्यांनी स्वतः जोडून घेतलेलं. मराठी वाचकाला ती शुद्धलेखनाची चूक वाटेल, पण लिथुआनियन भाषेत त्याचा अर्थ शांतता. दिवसभर शंभर कानांसमोर उभं राहून स्वतः एकही स्वर न काढणाऱ्या माणसाला याहून चपखल नाव सापडलं नसतं.

आठ. न्याहारी, पण पान अजून तेच. पाचवीचे पहिले चार स्वर कुणाला ठाऊक नाहीत? तरी पानावरची पहिली खूण स्वराची नाहीच, विरामाची आहे. बॅटन, म्हणजे कंडक्टरच्या हातातली छडी, खाली येते ती रिकाम्या जागेवर, आणि व्हायोलिन-चेलोंचं घराणं क्लॅरिनेटांसह त्यानंतर तुटून पडतं. सम मोकळी सोडून पुढच्या अर्ध्या मात्रेवर बोल उचलायचा म्हटलं की आपल्या तबलजीला पुरेसं कळतं. इथे तो उचलायला पन्नासेक जण आहेत, आणि मात्रा एकीच्याच मनगटात. हात किंचित घुटमळला तर एकाचे चार आवाज होतात.

अकरा. ऑर्केस्ट्राच्या लीडरबरोबर कॉफी. लीडर म्हणजे पहिल्या व्हायोलिनांच्या पहिल्या खुर्चीवरची व्यक्ती. बोलणं गजाचं: हा तुकडा गज वर नेत घ्यायचा की खाली ओढत? पाहुणीने इथे हट्ट धरू नये. तिला आठवडाभर राहायचंय, वादकांना एकमेकांशेजारी वर्षानुवर्षं.

साडेबारा. पियानोवादकाबरोबर शूमानच्या कॉन्चेर्तोचा शेवटचा भाग. तिथे ताल तीनाचाच लिहिलेला असतो, ऐकू मात्र दुपटीने संथ येतो, आणि भलेभले चुकतात. दोनदा घेतला, बसला.

दुपारी दोन. सिंफनी हॉल, 1991 सालचा. रंगमंचावर वर-खाली होणारं छत टांगलेलं, आणि भिंतींमागे घुमाऱ्याच्या खोल्या; त्यांचे जडशीळ दरवाजे किती उघडावेत यावर सभागृहाचा नाद बदलतो. समतोल ऐकायला सगळ्यात वाईट जागा म्हणजे कंडक्टरचा चौथरा. म्हणून मागच्या रांगेत एक साहाय्यक बसवलेला. तो अंगठा खाली करतो: ब्रास जास्त होतेय.

तालीम ती उलटी सुरू करते, शेवटच्या भागापासून. तीन ट्रॉम्बोन, पिकोलो आणि कॉन्ट्राबसून पहिले तीन भाग नुसते बसून असतात. त्यांचं काम चौथ्यात. तिसऱ्यातून चौथ्यात न थांबता शिरायचा तो सांधाही लगेच घेतला. पावणेतीनला त्या पाच जणांना मोकळं केलं. भाषा अर्धी इंग्रजी, अर्धी इटालियन, आणि उरलेली गाऊन दाखवलेली. आधी बारचा, म्हणजे स्कोअरवरच्या मात्रांच्या चौकटीचा, क्रमांक, मग वाद्याचं नाव, मग तक्रार, तीही एका वाक्यात. लांबलचक रूपकं सांगणारा कंडक्टर वादकांना नकोसा होतो, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर असतं. मध्ये चहाची सुट्टी. पाचला तालीम संपली म्हणजे संपली. एखादा बार कच्चा राहिला तर तो रात्री हातानेच सांभाळायचा.

सव्वासहा. श्रोत्यांशी गप्पा. एक हात वर होतो: बाई म्हणून कसं वाटतं? हा प्रश्न जुना होत नाही, कारण गोष्टच जुनी झालेली नाही. लंडनच्या प्रॉम्स संगीतोत्सवाची सांगता करायला बाई उभी राहिली ती 2013 साली, मेरिन ऑल्सप. उत्सव 1895 पासूनचा. आपल्या पंढरपुरात जन्मलेली आणि डेन्मार्कमध्ये वाढलेली मारिया बाडस्तू ही कंडक्टर आहे, हे तरी आपल्यापैकी कितींना ठाऊक असतं? ती हसून उत्तर देते आणि गाडी बीथोव्हनच्या विरामावर आणते.

सात. केळं, पाणी, काळा शर्ट. घरी फोन लागतो तेव्हा तिकडे मूल झोपलेलं.

साडेसात. शूमान. मध्यंतर.

आठ पस्तीस. टाळ्या ओसरतात. ती लगेच वळून हात टाकत नाही, सगळ्यांचा श्वास खाली बसू देते. मग बॅटन रिकाम्या जागेवर, आणि मागोमाग एकच आवाज. पुढची सात मिनिटं ती मात्रा मोजत नाही, वादकच मोजतात. ती फक्त पुढे काय येतंय त्याच्या अर्धी मात्रा आधी तिथे असते. बार 268. सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि एकटी ओबो बोलू लागते. इथे कंडक्टरला काही काम नाही. ती बॅटन खाली घेते आणि ओबोवाल्या बाईंकडे बघतही नाही, म्हणजे त्यांना घाई वाटू नये.

साडेनऊ. खोलीत ओला शर्ट बदलून ती बाहेर येते. मार्गिकेत ट्रॉम्बोनवाले गृहस्थ पेटी बंद करत उभे. "पावणेतीनला सोडलंत, बरं झालं. आज मुलाला शाळेतून मीच आणलं."

ती मान डोलावते. आपलं मूल आत्ता जागं असतं का, याचा हिशोब तिच्या डोक्यात चालू असतो. विमान सकाळी सहा पन्नासचं.