बेचाळीस किलोमीटरची तयारी (लेखांक ९) : घाटाचा उतार

रविवारच्या लांब पल्ल्याचा विषय मागच्या आठवड्यात झाला. आज बोलायचं ते मॅरेथॉनची तयारी चालू असताना मध्येच येणाऱ्या अवघड शर्यतीबद्दल. जानेवारीत मुंबईला पूर्ण मॅरेथॉन पळायचं ठरवलेले कितीतरी जण पावसाळा सरता सरता साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पळतात. २०१२ साली सुरू झालेली ही २१ किलोमीटरची शर्यत. शहरातून निघायचं, यवतेश्वर घाटाला लागायचं, कासच्या रस्त्याने वर जायचं आणि आलो त्याच रस्त्याने खाली उतरायचं. तिथून मुंबईची शर्यत साधारण चार-साडेचार महिन्यांवर असते. म्हणजे तयारी नुकती अंगी लागू लागलेली असते, आणि नेमका त्याच वेळी घाट समोर उभा राहतो.

पळावी का? जरूर पळावी. पण बहुतेक जण चढाची धास्ती घेऊन साताऱ्याला जातात, आणि मॅरेथॉनच्या दृष्टीने खरा धडा असतो उताराचा. तिकडे लक्षच नसतं.

चढाचा हिशेब तसा सरळ आहे. आल्बेर्तो मिनेत्ती या इटालियन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ साली धावपटूंना ट्रेडमिलवर वेगवेगळ्या चढ-उतारांवर पळवून ऊर्जेची मोजणी केली. १० टक्के चढावर, म्हणजे १०० मीटर अंतरात १० मीटर उंची गाठताना, सपाटीच्या दीडपटीहून अधिक ऊर्जा लागते. तेवढ्याच उतारावर सपाटीपेक्षा कमी लागते खरी, पण चढावर खर्च झालेला रुपया उतारावर पुरता वसूल होत नाही. म्हणून घाटात घड्याळातल्या पेसकडे बघूच नका. वर जाताना चार-पाच शब्दांचं वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. ते जमेनासं झालं की पावलं आखूड करा. तरीही जमलं नाही तर वळण येईपर्यंत सरळ चाला. वळणाच्या आतल्या कडेला रस्ता अचानक उभा होतो, तिथे पळत राहणारा आणि झपझप चालणारा यांच्यात फरक उरतो तो काही पावलांचाच. पळणाऱ्याच्या पोटऱ्या मात्र पुढच्या किलोमीटरभर ओरडत राहतात. चालण्यात कसलाही कमीपणा नाही, हे मी मनापासून सांगतो.

आता उतार. वरून परत फिरलं की श्वास लगेच ताळ्यावर येतो, समोरून चढणारे अजून धापा टाकत असतात, रस्त्याकडेचे सातारकर ओरडून ओरडून हुरूप देत असतात, आणि पाय आपोआप सुटतात. दमाला त्रास नाही म्हणून सगळं आलबेल आहे असं वाटतं. मांड्यांमध्ये मात्र वेगळंच काही चाललेलं असतं. चढताना मांडीच्या पुढचा स्नायू आकसत जातो आणि शरीराला वर ढकलतो. उतरताना त्याला शरीराचं वजन झेलायचं असतं, त्यामुळे तो लांब होत असतानाच आवळलेला राहतो. अशा ताणात स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. त्या वेळी ती फारशी जाणवत नाही. दुखणं चढत जातं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. रविवारी फोटोत हसणारा माणूस मंगळवारी ऑफिसच्या जिन्यावर कठडा धरून, बाजूबाजूने उतरताना दिसतो. जिना चढताना त्याला फारसं काही होत नाही, उतरतानाच होतं.

पण याच इजेत मॅरेथॉनवाल्याचा फायदा दडलेला आहे. एकदा असा मार बसला आणि तो नीट भरून आला की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने तेवढी इजा होत नाही. स्नायू शहाणा होतो, आणि हे शहाणपण काही आठवडे टिकतं. सपाट रस्त्यावरही प्रत्येक पाऊल टेकताना मांडी थोडं थोडं वजन झेलतच असते. मॅरेथॉनमध्ये तिशी ओलांडल्यावर पाय जड होतात त्याला संपत आलेली साखर कारण असते, तसा हा झेलून झेलून आलेला थकवाही असतो. मुंबईच्या अनेक वर्षांच्या मार्गावर परतीला, पस्तिशीनंतर, पेडर रोडचा चढ आणि त्यामागून उतार येत आला आहे. तिथे ज्यांच्या मांड्या शाबूत असतात ते उतारावर पुन्हा पळू लागतात. जानेवारीपर्यंत साताऱ्याची पुण्याई पुरत नाही, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी एखादा बेताचा उतार पायाखालून घालत राहावं. पुणेकरांना सिंहगडाचा रस्ता आहेच.

उतरायचं कसं? पावलं आखूड आणि भराभर. पाय शरीराच्या खाली पडू द्या, पुढे फेकून टाचेने ब्रेक मारू नका. मागे रेलू नका. नजर चार-पाच मीटर पुढे. पावसात रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या निसरड्या होतात, त्यांच्यावर पाय देणं टाळा. घाटातला पहिला किलोमीटर मुद्दाम हात राखून उतरा, कारण खाली आल्यावर शहरातला सपाट रस्ता बाकी असतो आणि उधळलेल्यांचे पाय तिथे बोलू लागतात. अंग दुखेल या भीतीने शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेणारे मी पाहिले आहेत. कृपा करून हे करू नका. घामाने शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडांवर भार टाकतात.

साताऱ्याच्या वेळेवरून मुंबईचं भाकीतही करू नका. पीट रीगल या अमेरिकी अभियंत्याने १९७७ साली मांडलेलं एक गणित धावपटूंमध्ये अजून चालतं. त्यानुसार २ तासांत हाफ पळणारा पूर्ण मॅरेथॉन साधारण ४ तास १० मिनिटांत करतो. पण दोन्ही रस्ते सारख्याच जातीचे असतील तरच ते लागू पडतं. घाटातला आकडा त्यात घातला की कुणी उगाच खचतो, तर कुणी मुंबईचं लक्ष्य फार ढिलं ठेवतो. अंदाज हवाच असेल तर डिसेंबरात वसई-विरार आहे, पुणे आहे.

राहिला मागचा-पुढचा आठवडा. शर्यतीच्या आधी अंतर तिसऱ्या हिश्श्याने कमी करा, पूर्ण विश्रांतीची गरज नाही. नंतर मात्र घाई नको. शर्यतीच्या दर मैलामागे एक दिवस हलकं पळायचं असा धावणाऱ्यांचा जुना आडाखा आहे. हाफ म्हणजे १३ मैल, तेव्हा जवळजवळ दोन आठवडे वेगाचा सराव बंद. पुढच्या रविवारचा लांब पल्ला निम्म्यावर आणा. वेळापत्रकात २४ किलोमीटर लिहिले आहेत म्हणून दुखऱ्या मांड्यांनी ते पुरे करणारे नवखे धावपटू दर वर्षी दिसतात, आणि ऑक्टोबरात त्यांतलेच काही गुडघा धरून बसलेले असतात. वेळापत्रक बनवणाऱ्याने तुमचा मंगळवारचा जिना पाहिलेला नसतो. दुखणं दोन्ही पायांत सारखं असेल तर ते स्नायूंचं आहे, ओसरेल. एकाच पायात, एकाच ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर पळणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या लेखात पाणी, मीठ आणि ऑक्टोबरचा उकाडा.