पाय बधिर, पोट जड

जित्यात लावणी आली की चप्पल बांधावर राहते. खाचरात काटा रुतला तर कळ मस्तकात जाते. मधुमेहाने नसा दुबळ्या झालेल्याला मात्र संध्याकाळी चिखल धुताना रक्त दिसतं, तेव्हाच कळतं.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. संविधानाचं काम चालू असताना पायांच्या नसांच्या दुखण्याने ते हैराण होते. १९४८ साली विवाह झाल्यावर त्यांची औषधं-पथ्यं माईसाहेबांनी सांभाळली. त्या स्वतः डॉक्टर होत्या.

पायाच्या मुंग्या आपण सांगतो, चार-चार दिवस शौचाला होत नाही हे लाजेने गिळतो. आतडी हलवतात त्याही नसाच. साखर चढी राहिली की त्याही थकतात. थायरॉईड कमी असेल तरी दोन्ही त्रास जोडीने येतात. म्हणून पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात दोन्ही तक्रारी एकदमच सांगा, चालू गोळ्या सोबत न्या. लोहाच्या आणि पायांच्या आगीवरच्या काही गोळ्यांनी पोट आणखी घट्ट होतं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल तर बी-१२ तपासायला सांगा. गोळी मनाने बंद करू नका.

रात्री उठावं लागू नये म्हणून आपल्या आया-आज्या पाणीच कमी पितात. मग खडा होणारच! डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर दिवसा भरपूर प्या. इसबगोल घ्याल तर पेलाभर पाण्यासोबतच. बधिर पायांनी उकिडवं बसताना भिंतीचा आधार घ्या. पाय शेकू नका, भाजलेलं कळत नाही. झोपताना तळवे कुणाकडून तरी पाहून घ्या.

बधिरपणा अचानक मांड्यांपर्यंत चढला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.