घोट्यावरचा त्रिवेणी संगम

सुईने रोग बरा करण्याची चिनी विद्या आपल्याला अगदीच परकी नाही. १९३८ साली सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर जे वैद्यकीय पथक चीनला गेले, त्यातील डॉ. बसू यांनीच पुढे ही विद्या शिकून भारतात आणली. तिच्यातील शेकडो बिंदूंपैकी एकाचाच आज आपण विचार करू.

पायाच्या आतल्या घोट्यावर आपली चार बोटे आडवी ठेवावीत. वरच्या बोटाच्या कडेला, नडगीच्या हाडामागे लगतच हा बिंदू असतो. माप ज्याचे त्याच्या बोटांचे. आयुर्वेदातही शरीर ज्याच्या त्याच्या अंगुळांनीच मोजतात. चिनी वैद्य त्याला 'सान्-यिन्-ज्याओ', म्हणजे तीन यिन मार्गांचा संगम, म्हणतात. प्लीहा, यकृत व मूत्रपिंड यांचे मार्ग येथे मिळतात, अशी त्यांची कल्पना. म्हणून लघवीच्या आणि पाळीच्या तक्रारींवर येथे सुई टोचण्याचा प्रघात पडला.

पण घोटा कोठे आणि मूत्राशय कोठे? शवविच्छेदनात हे मार्ग सापडत नाहीत, हे खरे. सापडतो तो एक मज्जातंतू. तो याच जागेजवळून जातो आणि त्याची काही मुळे कण्याच्या ज्या भागातून निघतात, त्याच भागातून मूत्राशयालाही तंतू जातात. चिनी प्रघातावरून सूचना घेऊन १९८३ साली अमेरिकेत मॅग्वायर यांनी या तंतूला विजेचे सौम्य झटके देऊन पाहिले. पुढे घोट्यावर बारीक सुई टोचून, आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे उपचार करण्याची रीत बसली. २०१० साली २२० रोग्यांवरील परीक्षा प्रसिद्ध झाली. खऱ्या उपचाराने शेकडा ५४.५ रोग्यांना स्पष्ट सुधारणा जाणवली. नुसता देखावा केलेल्यांत शेकडा २०.९ जणांना.

हा पुरावा लघवीच्या अनावर घाईपुरताच आहे, हे आपण विसरू नये. पाळीच्या वेदनांविषयीचे प्रयोग कॉक्रेन संस्थेने २०१६ साली तपासले, तेव्हा पुरावा अपुरा ठरला. गर्भवतीला तर येथे सुई टोचू नये, असे चिनी परंपराच बजावते.

आपल्याकडे ही व्याधी मुख्यतः लपवली जाते. वारंवार उठावे लागेल या संकोचाने कित्येक आयाबहिणी एस.टी.चा प्रवास टाळतात, लग्नकार्याला जात नाहीत, पाणीसुद्धा कमी पितात. आधी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. लघवीतून रक्त जात असेल, जळजळ वा ताप असेल, तर कारण शोधण्यापूर्वी सुईचा विचारही करू नये. कारण समजल्यावर, जाणत्या हाताने आणि निर्जंतुक सुईने हा उपाय करून पाहण्यास हरकत नाही. संकोचाने घरात बसून राहण्याची मात्र कोणालाही गरज नाही.