लहरी हवामानातील घरची मिरची

सातपुडा आणि तापी यांच्या दरम्यान वसलेल्या बऱ्हाणपूर परिसरात मिरचीवाचून स्वयंपाकाची कल्पनाच करता येत नाही. वांग्याचे भरीत असो वा ठेचा-भाकरी, हिरवी मिरची ताटात हवीच. निमाड आणि खानदेश हे दोन्ही मिरची पिकविणारे प्रदेश असून, खरगोन जिल्ह्यातील बेडिया व महाराष्ट्रातील नंदुरबार येथील मिरचीच्या बाजारपेठा प्रसिद्ध आहेत. तथापि पावसाने ओढ दिली किंवा ऐन तोडणीच्या वेळी अतिवृष्टी झाली, की बाजारातील आवक घटते आणि सामान्य कुटुंबास पावशेर मिरची घेतानाही विचार करावा लागतो. अशा वेळी अंगणात वा गच्चीवर जोपासलेली पाच-सहा झाडे घरखर्चास चांगला हातभार लावतात. मात्र मोठ्या हौसेने लावलेली ही झाडे पावसाळ्यात पिवळी पडतात, ऑक्टोबरात फुले गाळतात आणि उन्हाळ्यात वाळून जातात, असा अनुभव पुष्कळांना येतो. यामागील कारणे समजून घेतल्यास त्यातील बरीचशी हानी टाळता येते.

मिरचीचा स्वभाव

मिरचीचे मूळ स्थान अमेरिका खंडातील उष्ण प्रदेश होय. पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर ती सोळाव्या शतकात भारतात आली. या झाडास ऊब मानवते, पण भाजून काढणारी उष्णता मानवत नाही. त्यास ओलावा हवा असतो, पण साचलेले पाणी सहन होत नाही. सर्वसाधारणपणे २० ते ३० अंश सेल्सिअस तापमानात त्याची वाढ व फळधारणा उत्तम होते. बऱ्हाणपूर भागात उन्हाळ्यात पारा अनेकदा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि पावसाळ्यात मुसळधार सरी व दीर्घ उघडीप आलटून पालटून येतात. हवामान बदलणे कोणाच्याही हाती नाही. परंतु मुळांभोवतीची माती कशी राखावी, हे सर्वस्वी घरच्या माणसांच्या हाती आहे. घरच्या मिरचीचे सारे यश या एका गोष्टीवर अवलंबून असते.

या संदर्भात लालबाग परिसरातील कुंडी भंडाऱ्याचे उदाहरण उद्बोधक आहे. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, ही भूमिगत जलयोजना उभारण्यात आली. सातपुड्याच्या बाजूने तापीकडे झिरपत येणारे पाणी जमिनीखालील बोगद्यात गोळा करून, केवळ नैसर्गिक उताराच्या बळावर ते शहरापर्यंत नेण्यात आले. बोगद्याच्या मार्गावर शंभराहून अधिक कुंड्या आहेत. पाणी जमिनीखाली राहिल्याने ते उन्हात उडून जात नाही आणि वाहते असल्याने साचूनही राहत नाही. मिरचीच्या मुळांनाही नेमकी हीच व्यवस्था लागते.

माती व रोपे

तापीकाठची काळी माती सुपीक असली तरी ओली झाली की फुगते व पाणी धरून ठेवते. कुंडीत ती एकटीच भरू नये. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाडसर वाळू असे मिश्रण करावे. कुंडी किमान ३० सेंटिमीटर रुंद व तितकीच खोल असावी. तेलाचा रिकामा पंधरा किलोचा डबाही चालतो. त्याच्या तळाशी चार-पाच भोके पाडून त्यांवर खापरीचे तुकडे ठेवावेत. अंगणात लागवड करावयाची असल्यास १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करून दोन ओळींत ६० व दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे.

बी जूनच्या आरंभी आडोशाला पेरावे. साधारण आठ-दहा दिवसांत ते उगवते. या अवस्थेत पाणी अधिक झाल्यास रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. यास्तव पाणी झारीने व बेताने द्यावे. चार ते पाच आठवड्यांची, पाच-सहा पानांची रोपे सायंकाळच्या वेळी कायम जागी लावावीत. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेची ‘पुसा ज्वाला’ ही जात घरगुती लागवडीस सोयीची आहे.

पावसाळ्यातील कोमेजणे

झाड कोमेजले की पाणी घालावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पावसाळ्यात हीच समजूत घातक ठरते. माती सतत चिंब राहिली तर मुळांना हवा मिळत नाही. गुदमरलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत आणि ओल्या मातीतही झाड मान टाकते. त्यात आणखी पाणी घातल्यास ते दगावते. म्हणून प्रथम मातीत बोट खुपसून पाहावे. दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. दुपारच्या उन्हात मलूल झालेले झाड सायंकाळी आपोआप सावरत असेल, तर काळजीचे कारण नाही. संततधार लागल्यास कुंड्या वळचणीखाली पण उजेडात हलवाव्यात आणि वाफ्यातील पाणी चर काढून वाहू द्यावे.

उघडीप लांबल्यास नेमके उलट करावे. वाळलेला पालापाचोळा, भाताचे तूस किंवा केळीची सुकी पाने यांचे दोन-तीन बोटे जाडीचे आच्छादन मातीवर पसरावे. त्यायोगे ओल टिकते व मुळे थंड राहतात. आच्छादन खोडास चिकटू देऊ नये.

फुलगळ : रोग नव्हे

सर्वाधिक गैरसमज फुलगळीबाबत आढळतो. दिवसाचे तापमान ३५ अंशांवर गेले किंवा रात्रीही उकाडा राहिला, तर परागकण निकामी होतात व फुले गळतात. पाण्याचा अनियमितपणा आणि युरियाचा अतिरेक यांमुळेही असेच होते. ही झाडाची आत्मरक्षणाची रीत आहे. हवा निवली की ते पुन्हा फुलते. अशा वेळी औषध फवारण्याची गरज नसते. दुपारी बारा ते चार जुन्या पातळाची वा हिरव्या जाळीची सावली करावी, पाणी सकाळी ठरल्या वेळी द्यावे आणि युरियाऐवजी दर तीन आठवड्यांनी मूठभर गांडूळखत घालावे.

चुरडा-मुरडा

पाने आकसली म्हणजे लोक त्यास सरसकट ‘चुरडा-मुरडा’ किंवा ‘बोकड्या’ म्हणतात. प्रत्यक्षात पानांच्या कडा वर वळल्यास फुलकिडे, खाली वळल्यास कोळी, आणि पाने बारीक व दाट होऊन झाड खुरटल्यास पांढऱ्या माशीने पसरविलेला विषाणूरोग असण्याचा संभव अधिक असतो. पहिल्या दोहोंवर पाच टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतो. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबणचुरा मिसळून पानांच्या खालच्या बाजूस सायंकाळी फवारावी. विषाणूरोगास मात्र उपाय नाही; ते झाड उपटून पुरून टाकावे. तंबाखू मळलेल्या हातांनीही एक विषाणू मिरचीवर येतो, म्हणून हात साबणाने धुऊनच झाडास स्पर्श करावा. शेतात कापसावर वा केळीवर फवारून उरलेले कीटकनाशक घरच्या मिरचीवर कदापि वापरू नये. ही मिरची तोडून तशीच मुलाबाळांच्या ताटात जाते, हे विसरता कामा नये.

तोडणी व उन्हाळा

लावणीनंतर सुमारे दोन ते अडीच महिन्यांनी हिरवी मिरची तोडणीस येते. आठ-दहा दिवसांनी नियमित तोडणी केल्यास नवी फुले येत राहतात. ताज्या मिरचीत ‘क’ जीवनसत्त्व विपुल असते. हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी ते पाप्रिका या मिरचीपासूनच मोठ्या प्रमाणावर मिळविले. त्यांना १९३७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. लाल मिरची वाळविताना ती ओल्या जमिनीवर न पसरता स्वच्छ कापडावर पसरावी आणि रात्री दवातून उचलून घ्यावी. बुरशी लागलेली मिरची खाण्यास अपायकारक असते.

मिरचीचे झाड मुळात बहुवर्षायू आहे. मार्चनंतर त्याकडून उत्पन्नाची अपेक्षा न धरता ते केवळ जगवावे. फांद्या एक तृतीयांश छाटून, आच्छादन घालून झाड सावलीत ठेवल्यास पावसाबरोबर त्यास नवी पालवी फुटते.

ग्रामीण शाळांतून दोन डब्यांत, एकास भोके व आच्छादन आणि दुसऱ्यास काहीही नाही, अशी लागवड करून शिक्षकांनी विद्यार्थ्यांना फरक दाखवावा. रोगाविषयी शंका आल्यास रोगट पान कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावे व तेथील सल्ला घेऊनच पुढील उपाय योजावा.