ई-पुस्तक स्वस्त होते तेव्हा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ई-पुस्तक घेतल्यावर चार दिवसांत त्याची किंमत उतरली की वाचक चिडतो, आणि चिडण्यासारखेच ते असते. तमिळनाडूतल्या एन्नोरच्या बंदरावर नोकरीला असलेल्या मराठी माणसाला छापील मराठी पुस्तक बहुधा टपालानेच मागवावे लागते. डिसेंबर 2016 मध्ये किंडलवर मराठी पुस्तके आली, तेव्हापासून हा व्यवहार मिनिटभराचा झाला. गैरसमज मात्र बरेच उरले.

गैरसमज: फरकाचे पैसे मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.
वस्तुस्थिती: ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये असा हक्क नाही. फसवी जाहिरात किंवा अनुचित व्यापारी प्रथा असेल तर दाद मागता येते. विक्रीनंतर भाव उतरणे हे त्यात बसत नाही. ‘मूळ किंमत’ खोटी फुगवून सवलत दाखवली असेल, तर गोष्ट वेगळी.

गैरसमज: भाव उतरला म्हणजे आधी लुबाडले.
वस्तुस्थिती: कारण कधी दुकानाबाहेरचेही असते. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांवरचा हा कर 27 जुलै 2018 पासून 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. करापूर्वी 200 रुपयांचे पुस्तक आदल्या दिवशी 236 रुपयांना पडत होते, तर नव्या दराने 210 रुपयांना. कर विक्रीच्या दिवशीच्या दराने लागतो, त्यामुळे आधीच्या ग्राहकाला 26 रुपये परत मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

अनेकदा भाव खुद्द लेखकच उतरवतो. किंडलच्या ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकाला दर 90 दिवसांत 5 दिवस ते फुकट देता येते. काल पैसे मोजलेल्याला आज ते फुकट दिसते. लेखकालाही त्या दिवसांत विक्रीचे मानधन मिळत नाही.

गैरसमज: जगभर हे असेच चालते.
वस्तुस्थिती: फ्रान्समध्ये 2011 च्या कायद्यानुसार ई-पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि सगळ्या दुकानांना तीच लावावी लागते. प्रकाशकाने ती बदलली तर तिथेही भाव उतरतोच. फक्त दुकानादुकानांतली चढाओढ नसते. भारतात असा कायदा नाही.

गैरसमज: एकदा घेतलेले ई-पुस्तक परत करता येत नाही.
वस्तुस्थिती: किंडलवर चुकून घेतलेले पुस्तक सात दिवसांत परत करता येते, बरेचसे वाचून झाले असेल तर आपोआप परतावा मिळत नाही. ही सोय चुकीच्या खरेदीसाठी आहे, भावातला फरक वसूल करण्यासाठी नाही.