थंड अणुसंमीलन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

'पाण्यातून फुकट वीज देणारा शोध तेल कंपन्यांनी दाबून टाकला' हे पुण्यातली शिकली-सवरलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात. शोध दाबला गेला नाही. तो तपासला गेला, आणि तेही आपल्याच महाराष्ट्रात.

23 मार्च 1989 रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की पॅलेडियमचं ऋणाग्र वापरून जड पाण्याचं विद्युत अपघटन केलं आणि खोलीच्या तापमानालाच अणुकेंद्रकं जुळून, म्हणजे संमीलन होऊन, जादा उष्णता मिळाली. काही आठवड्यांतच तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात प्रयोग सुरू झाले. जड पाणी तिथे हाताशीच होतं. संचालक पी. के. अय्यंगार पाठीशी उभे राहिले. महादेव श्रीनिवासन आणि इतर अनेक गट कामाला लागले. एका गटाने तर पॅलेडियम-चांदीच्या नळ्यांचं, हायड्रोजन बनवणारं तयार यंत्रच जड पाण्यावर चालवलं. न्यूट्रॉन आणि ट्रिटियम सापडल्याचे अहवाल निघाले.

खरी गोम त्या अहवालांतल्या आकड्यांत आहे. जड पाण्यातल्या जड हायड्रोजनची, म्हणजे ड्युटेरियमची, दोन केंद्रकं जुळली, की साधारण निम्म्या वेळा न्यूट्रॉन सुटतो आणि निम्म्या वेळा ट्रिटियम तयार होतं. तुर्भ्यात ट्रिटियम न्यूट्रॉनच्या कोट्यवधी पट निघालं. म्हणजे एकतर ही प्रक्रियाच वेगळी, नाहीतर मोजमाप चुकलं. युटातली उष्णता नेहमीच्या संमीलनातून आली असती, तर न्यूट्रॉनच्या माऱ्यात प्रयोग करणारे वाचलेच नसते.

'सिद्धान्त तयार आहे, फक्त पैसा हवा' हेही खरं नाही. 2006 मध्ये विडम आणि लार्सन यांनी मांडलं, की धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन मिळून मंद न्यूट्रॉन बनतो. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्याने त्याला केंद्रक दूर ढकलत नाही. कल्पना देखणी आहे. पण असा एक न्यूट्रॉन घडवायला सुमारे 7.8 लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, आणि खोलीच्या तापमानाला अणूकडे एका इलेक्ट्रॉनव्होल्टचा जेमतेम चाळिसावा भाग असतो. ही दरी कशी भरते, याचं सर्वमान्य उत्तर आजही नाही.

थंड संमीलन अशक्यच, असंही मात्र म्हणू नये. इलेक्ट्रॉनसारख्याच पण जड अशा म्यूऑन कणांमुळे द्रव हायड्रोजनमध्ये ते होताना भौतिकशास्त्रज्ञ अल्वारेझ यांनी 1956 मध्येच पाहिलं. फक्त म्यूऑन बनवण्यातच मिळकतीपेक्षा जास्त ऊर्जा जाते.

गूगलच्या पैशावर झालेल्या फेरतपासणीत 2019 पर्यंत थंड संमीलनाचा पुरावा मिळाला नाही. तरीही 2023 मध्ये अमेरिकी सरकारने नव्या प्रयोगांना 1 कोटी डॉलर दिले, आणि ते योग्यच झालं. पण घरातला दिवा लागेल अशी वीज यातून आजवर कुणीही दाखवलेली नाही. अशा यंत्रासाठी कुणी ठेव मागायला आला, तर त्रयस्थ प्रयोगशाळेने मोजलेली आत गेलेली आणि बाहेर आलेली ऊर्जा आधी मागा.