ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे : जात्यावरचा एक आवाज

आज ज्यांच्याविषयी बोलायचंय, त्या काही रंगमंचावरच्या गायिका नव्हत्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळस गावच्या गंगूबाई अंबोरे जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी १९९६ साली बर्नार्ड बेल यांच्या सोबतीनं त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला, म्हणून आज तो आपल्याला ऐकायला मिळतोय.

प्वातवँ मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात राहिले आणि भारतीय झाले. त्यांनी आणि हेमाताईंनी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन महाराष्ट्रातल्या हजारहून अधिक गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. बहुतेक कागदावर. ध्वनिमुद्रण मात्र सुमारे १२० तासांचंच आहे. हा फरक साधा नाही बरं का. ओवी छापली की दोन-अडीच ओळींत संपते. म्हणताना तसं होत नाही. बाई ओळ परत घेते, मध्ये 'गं बाई' घालते, जात्याच्या फेऱ्याप्रमाणे श्वास सोडते. हे सगळं कागदावरून गळून जातं, आणि ती बाईही गळते.

गंगूबाईंच्या बाबतीत तर हे फारच खरं. त्यांना कुष्ठरोग झाला होता. घरच्यांनी टाकलं आणि त्या गावातल्या देवळात राहायच्या. त्यांच्या ओव्यांत सीतेचा वनवास येतो. आता सीतेच्या ओव्या काय, आपल्या नगरकडच्या म्हाताऱ्याही सांगतील, विषय सगळ्यांचाच. पण घरातून काढलेली बाई रानात एकट्या पडलेल्या सीतेचं दुःख म्हणते, तेव्हा सीता कुठं संपते आणि गंगूबाई कुठं सुरू होतात, ते कळत नाही. आवाज रडत नाही. संथ, खालच्या पट्टीत चालतो. मला तर तो विलाप वाटतच नाही. कोणाला तरी समजावून सांगितल्यासारखा वाटतो.

यात वेळेचाही प्रश्न होता. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि पहाटे ओवी म्हणायचं निमित्तच संपलं. ध्वनिमुद्रण झालं तोवर कितीतरी बायका आठवून आठवून म्हणत होत्या. आणखी वीस वर्षं थांबले असते तर लिहून घ्यायला शब्द तरी मिळाले असते का, शंकाच आहे. चाल तर नक्कीच नाही.

प्वातवँ २००४ मध्ये गेले. पुढे 'परी', म्हणजे पी. साईनाथ यांचं ग्रामीण भारताचं संग्रहालय, यांनी हा ठेवा हाती घेतला आणि २०१७ पासून ओव्या इंटरनेटवर यायला लागल्या. गंगूबाईंच्याही तिथं आहेत, मराठी शब्दांसह. पण एक करा, पहिल्यांदा ऐकताना शब्द वाचू नका. नुसतं ऐका. मग दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवा, आणि घरात कोणी जात्यावर बसलेली आजी असेल तर तिलाही ऐकवा. तिला पुढची ओवी आठवली, तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. कोणाची, कोणत्या गावची, तेही सोबत लिहा.